मानवी हक्कांची वकिली नंदुरबार-धुळ्यात करायची तर सुरुवात कुठून करावी?

अक्राणी_एलएलबी

राम राम मंडळी. एलएलबीचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे धडगाव-तळोदा पट्ट्यातच राहून आदिवासी आणि दलितांच्या हक्कांची वकिली करायची ठरवली आहे. वनहक्क दावे (कसत आलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचे), ॲट्रॉसिटीच्या केसेस आणि उसतोडीला जाणाऱ्या मजुरांचे प्रश्न, हे तीन विषय डोक्यात आहेत.

प्रश्न असे: सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यावर थेट एखाद्या संस्थेत लागावं की आधी कोर्टात ज्युनियरशिप करावी? मुंबई-दिल्लीला गेल्याशिवाय हे काम शिकता येत नाही, असं कॉलेजात सगळे म्हणतात, ते कितपत खरं? पोटापाण्याचं काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वनहक्काचा दावा "पुरावा अपुरा" या दोन शब्दांवर नामंजूर झाला, तर नेमकं काय करायचं? आमच्या भागातल्या पाड्यापाड्यांत अशी पत्रं पडून आहेत. कृपया सविस्तर सांगा.

शिरस्तेदार_शहादा

दादा, पहिल्या तीन प्रश्नांपुरतं लिहितो. वनहक्कावर इथे जास्त जाणकार मंडळी आहेत.

सनदेपासून सुरू करा. नोंदणीची फी अधिवक्ता कायद्याच्या कलम २४ मध्ये ठरलेली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला राज्य बार कौन्सिलचे ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १५०, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १०० आणि २५. यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला स्पष्ट केलं आहे. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा. १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, टिपा नसलेले बेअर ॲक्ट (कायद्याची फक्त मूळ कलमं असलेली पुस्तकं) आत नेता येतात. नोंदणीनंतर दोन वर्षांत ती पास व्हावी लागते, म्हणून पहिल्याच संधीला बसा.

आता संस्था की कोर्ट? आधी कोर्ट, आणि तेही तालुक्याचं. बार कौन्सिलच्या नियमांतला नियम ४९ नीट वाचा. वकील पूर्णवेळ पगारी नोकरी करू शकत नाही. संस्थेच्या पगारपत्रकावर गेलात तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. अनेक नव्या मुलांना हे दोन वर्षांनी कळतं आणि तोपर्यंत वकालतनाम्यावर सह्या झालेल्या असतात. संस्थेसोबत काम करायचं असेल तर केसगणिक किंवा महिन्याच्या कामाची व्यावसायिक फी ठरवून घ्या आणि ते लेखी ठेवा.

तालुका कोर्टच का, तर मानवी हक्क सगळ्यात आधी रिमांडच्या वेळी तुडवले जातात. सातपुड्यातून आणलेला, फक्त पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणारा माणूस न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा करतात. मारलं का असं मराठीत विचारलं की तो मान हलवतो, आणि "तक्रार नाही" असं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, उतरतं. तिथे उभ्या असलेल्या वकिलाने चार गोष्टी बघायच्या: अटकेची वेळ आणि हजर केल्याची वेळ (प्रवासाचा वेळ वगळून २४ तास), वैद्यकीय तपासणीचा कागद, अटकेची कारणं लेखी दिली का, आणि ती त्याला समजणाऱ्या भाषेत दिली का. भाषेचा हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठामपणे मांडला आहे. दुभाषा हवा असा अर्ज तिथेच द्या. तोंडी सांगितलेलं रोजनाम्यात येईलच असं नाही.

दुसरं उदाहरण दोषारोपपत्राच्या मुदतीचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १८७(३) प्रमाणे गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. मोजताना रिमांडचा पहिला दिवसही धरायचा. हा अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी दाखल झालेला हवा. ६१ व्या दिवशी सकाळी अकराला अर्ज नसेल आणि दुपारी दोषारोपपत्र आलं तर हक्क गेला. हे हिशेब मुंबईच्या परिसंवादात कोणी शिकवत नाही, ते ज्येष्ठ वकिलाची डायरी लिहिताना अंगवळणी पडतात. दोन-तीन वर्षं फौजदारी आणि महसुली अशी दोन्ही कामं करणाऱ्या ज्येष्ठांकडे बसा. मग वाटलं तर बाहेर जा.

पोटापाण्याबद्दल. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर (वकिलांच्या यादीवर) यायला साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो. पण त्यांच्याकडे २०२२ पासून लीगल एड डिफेन्स कौन्सेल ही व्यवस्था आहे, आणि त्यातल्या असिस्टंट पदाला ० ते ३ वर्षं फौजदारी वकिली चालते. मानधन ठरलेलं असतं, खासगी केसेस घेता येत नाहीत. जाहिरात जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर येते. मात्र तिथे काम आरोपीच्या बाजूचं असतं. पीडितांची बाजू लढवायची असेल तर ही जागा त्यासाठी नाही.

पॅनेलवर आलात की प्रत्येक केसचा प्रगती अहवाल आणि निकालाची नक्कल जोडून बिल वेळेवर द्या. बिलं बहुधा जोडलेला कागद अपुरा असल्याने अडकतात. आणि नुकसानभरपाईतून टक्केवारी कधीही घेऊ नका, निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. गरीब पक्षकाराकडून १०० रुपये घ्या, पण पावती द्या.

नेवाड_ते_सातबारा

वनहक्काचं मी सांगतो. लांबण लागेल, पण अर्धवट माहितीवर अपील केलं तर पाड्याचं नुकसान होतं.

"पुरावा अपुरा" असं पत्र हातात आलं की पहिल्यांदा ते कोणाच्या सहीचं आहे ते बघा. वनहक्क नियम २००८ मध्ये ६ सप्टेंबर २०१२ ला दुरुस्ती झाली आणि नियम १२-अ आला. त्याप्रमाणे कुठल्याही दर्जाच्या एकट्या अधिकाऱ्याला दावा घेण्याचा, फेटाळण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार नाही. वनक्षेत्रपालाचं किंवा एखाद्या कारकुनाचं "तुमचा दावा नामंजूर" असं पत्र म्हणजे नामंजुरी नव्हे. निर्णय ग्रामसभेचा, मग प्रांतांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीची शिफारस, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीचा निर्णय. म्हणून आधी माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून चार कागद मागा: ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समितीचा स्थळपाहणी अहवाल, उपविभागीय समितीचं इतिवृत्त, जिल्हा समितीचं इतिवृत्त. बऱ्याचदा असं दिसतं की ग्रामसभेने दावा मंजूर केला होता आणि वरच्या समितीने चाळीस-पन्नास दाव्यांची एकच यादी करून एका ओळीत सगळे उडवले. ही यादीच तुमच्या अपिलाचा सगळ्यात मजबूत मुद्दा असते, कारण नियम १२-अ प्रमाणे नामंजुरीची सविस्तर कारणं द्यावी लागतात आणि निव्वळ तांत्रिक कारणावर दावा फेटाळता येत नाही. ठराव अपुरा वाटला तर समितीने तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो.

मुदत ६० दिवसांची. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे, उपविभागीय समितीविरुद्ध जिल्हा समितीकडे. निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे पत्र मिळाल्याची तारीख महत्त्वाची. पाड्यावर पत्र कोतवालाकडे किंवा सरपंचाकडे महिनोन्‌महिने पडून राहतं. दावेदाराच्या हातात ते कधी आलं, हे अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा आणि पाकीट जपून ठेवा.

जिल्हा समितीनेही नाकारलं तर आपल्याकडे आणखी एक पायरी आहे. राज्यपालांनी १८ मे २०२० च्या अधिसूचनेने घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या अधिकारात विभागीय समित्यांची तरतूद केली, आणि विभागीय आयुक्त त्यांचे अध्यक्ष असतात. ही सोय अनुसूचित क्षेत्रापुरती आहे. अक्राणी (म्हणजे धडगाव), अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण, आणि नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर इथली फक्त अधिसूचित गावं. गाव यादीत आहे का, हे आधी तपासा. शिरपूर किंवा चोपड्यात इथेच चूक होते.

आता पुरावा. नियम १३ प्रमाणे एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणजे किमान दोन. सातबारा किंवा १९८० आधीचा सरकारी कागदच हवा, ही समजूत चुकीची आहे. आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य ही अट फक्त इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आदिवासी दाव्यात ७५ वर्षांचा पुरावा मागितला असेल तर तो कायद्याचा भंग आहे, तसं अपिलात ठळक लिहा.

सातपुड्यात सगळ्यात चांगला पुरावा बहुतेक घरांत असतो आणि लोक तो लपवतात. तो म्हणजे वनखात्याची दंडाची पावती. नेवाड (जंगल साफ करून केलेलं शेत) काढलं म्हणून नाकेदाराने (वनरक्षकाने) कधीकाळी दंड केला, बैल किंवा नांगर जप्त केला, त्याची पावती. ती चुलीवरच्या मचाणावर, बियाण्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली सापडते. धुराने पिवळी पडलेली असते आणि घडीवर फाटते. लोकांना वाटतं हा आपल्या गुन्ह्याचा कागद आहे. खरं तर अमुक साली हा माणूस ही जमीन कसत होता, याची ती वनखात्यानेच दिलेली कबुली असते. तिला चिकटपट्टी लावू नका, अक्षर त्याच्यासोबत निघून येतं. पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि वनगुन्ह्याची नोंद त्याच तारखेवरून माहिती अधिकारात मागा. दुसरा पुरावा म्हणून दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि जमिनीवरच्या खुणा: दगडी ताल, बांध, सपाटीकरण, विहीर, महूची जुनी झाडं, थडगी. स्थळपाहणीच्या पंचनाम्यात हे सगळं एकेक करून उतरलं पाहिजे आणि वनखात्याच्या हजर माणसाची सही, हुद्दा व तारीख पाहिजे. तो आला नाही तर नोटीस दिल्याची पोच जोडा.

"उपग्रह चित्रात शेत दिसत नाही" हे कारण फार वापरलं जातं. नियम १२-अ(११) सांगतो की उपग्रह चित्र पुराव्याला जोड म्हणून चालेल, पण दावेदाराच्या पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. डोंगर उतारावरचं, झाडं राखून केलेलं अर्ध्या एकराचं शेत अशा चित्रात नेहमी दिसत नाहीच.

दोन गोष्टी राहिल्या. हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावाने असतं (वनहक्क कायद्याचं कलम ४(४)), म्हणून अर्जात बाईचं नाव पहिल्या दिवसापासून घाला. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत हुसकावता येत नाही, कलम ४(५). पेरणीच्या तोंडावर जेसीबी आला तर तुमच्या हातात पोच घेतलेला दावा आणि हे कलम, दोन्ही हवेत.

ग्रामसभेचं मात्र काटेकोर बघा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. सह्यांचं रजिस्टर कच्चं असेल तर पुढचं सगळं कच्चं.

अक्राणी_एलएलबी

दंडाच्या पावतीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. ॲट्रॉसिटी आणि उसतोड मजूर यांवर कोणी लिहील का? आणि पीडिताच्या वकिलाला कोर्टात बोलायला मिळतं तरी का? सगळे म्हणतात ती केस सरकारी वकिलाची.

चिंचेखालचं_टेबल

मिळतं. २०१५ च्या दुरुस्तीने (अंमल २६ जानेवारी २०१६) ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आलं. पीडिताला प्रत्येक कामकाजाची वेळेत सूचना मिळाली पाहिजे, जामीन अर्जाचीही, आणि जामीन, सुटका, शिक्षा अशा प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. हरिराम भांभी निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही सूचना बंधनकारक असल्याचं सांगितलं. म्हणून गुन्हा नोंदला त्याच आठवड्यात विशेष न्यायालयात वकालतनामा टाकून ठेवा. नाहीतर जामीन होऊन गेल्यावर कळतं.

पण ही केस बहुतेक वेळा फिर्यादीतच बिघडते. ठाण्यात ठाशीव वाक्य लिहितात, "जातीवाचक शिवीगाळ केली". नेमके शब्द नाहीत, जागा नाही, कोण ऐकत होतं ते नाही. उलटतपासात मग हेच विचारतात. फिर्यादीने ऐकलेले शब्द अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत असतील तर तसेच लिहायला लावा, पुढे मराठी अर्थ. जागा कुठली, पाणवठा, किराणा दुकानासमोरचा ओटा, शेताचा बांध की घराच्या आत? जातीवरून अपमान आणि शिवीगाळ यांच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) साठी लोकांच्या नजरेसमोर घडणं आवश्यक आहे, चार भिंतीआड कोणीच नसताना घडलेलं त्यात बसत नाही. साक्षीदारांची नावं तिथेच द्या. आरोपी त्याच गावचा असेल आणि घराला ओळखत असेल तर ते वाक्य फिर्यादीत हवंच, कारण कलम ८(क) प्रमाणे अशा ओळखीवरून त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं. फिर्यादीचा जातीचा दाखला आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही याचा शाळेचा किंवा महसुली कागद, हे दोन्ही दोषारोपपत्राआधी तपासात जायला हवेत.

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, रजिस्टर पोस्टाने. तिथेही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह न्यायालयात. अधीक्षकांकडच्या अर्जाची पोच नसली तर न्यायालयातला अर्ज तिथेच अडतो. या गुन्ह्यात प्राथमिक चौकशीचं कारण सांगून फिर्याद थांबवता येत नाही, कलम १८-अ.

तपास उपअधीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याने केलेला चालत नाही (ॲट्रॉसिटी नियमांतला नियम ७) आणि दोषारोपपत्राला ६० दिवस. बारकावा असा की, फौजदाराने पंचनामे केले आणि उपअधीक्षकांनी शेवटी फक्त सही केली, असं कागदावरून दिसलं तर बचाव पक्ष त्यावरच उभा राहतो. दुसऱ्या आठवड्यातच लेखी अर्ज देऊन विचारा की तपास कोणाकडे आहे.

अर्थसाहाय्य जातीच्या दाखल्यासह लगेच मागा. २०१६ च्या नियमांप्रमाणे गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत, टप्प्याटप्प्याने. खुनाच्या प्रकरणात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर, निम्मी दोषारोपपत्र गेल्यावर. आणि नियम ११ कोणी वापरत नाही: पीडित आणि साक्षीदारांना कोर्टात येण्याचं भाडं आणि किमान वेतनाइतका भत्ता मिळतो. धडगावहून घाट उतरून नंदुरबारला यायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. तिसऱ्या तारखेला साक्षीदार येत नाही, त्याला लोक "फितूर झाला" म्हणतात. अनेकदा तो फितूर झालेला नसतो, त्याच्याकडे एसटीचे पैसे नसतात. प्रत्येक तारखेला हा अर्ज द्या.

कोयता_आणि_उचल

उसतोडीचं थोडक्यात. नंदुरबार, साक्री, चोपड्याकडून मजूर दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) पावसाळ्यात कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि हंगाम संपला तरी हिशेबात पैसे अंगावरच निघतात. जाऊ देत नाहीत, कोणाला तरी ओलीस ठेवतात, तेव्हा ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने असं कर्ज आपोआप संपतं, आणि वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर आहे (कलम १५). किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणं म्हणजेच सक्तीची मजुरी, हे एशियाड कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलं आहे.

फोन आला की माणसं परत आणायची घाई होते. पोलीस गाडीत बसवून गावी सोडतात, सगळ्यांना बरं वाटतं आणि केस तिथेच संपते. कारण मुक्तता प्रमाणपत्र घेतलेलं नसतं. ते जिथे माणसं अडकली तिथल्या जिल्हाधिकाऱ्याने किंवा प्रांताने, जबाब घेऊन द्यायचं असतं. ते नसेल तर २०१६ च्या केंद्रीय योजनेचं पुनर्वसन मिळत नाही: पुरुषाला १ लाख, स्त्री आणि बालकाला २ लाख, अत्यंत शोषणाच्या प्रकरणात ३ लाख. तातडीची मदत आधी २० हजार होती, आता ३० हजारांपर्यंत आहे आणि तिला गुन्हा सिद्ध होण्याची अट नाही.

म्हणून फोनवर असतानाच एका कागदावर लिहून घ्या: उचल किती, कोणी, कुठल्या महिन्यात, कोणासमोर दिली, किती टन तोडले, हिशेबाची वही कोणाकडे, जायचं म्हटल्यावर कोण काय म्हणालं, सोबत किती मुलं, फडाजवळचं (तोडणीच्या शेताजवळचं) गाव आणि कारखान्याची गट-चिठ्ठी. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, मजूर कुठल्या कारखान्याचा ऊस तोडतोय हे सांगणारा तोच एक कागद असतो. मग तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल, आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना प्रत, आणि तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाला फोन (१५१००). गुजरातेत अर्ज हिंदीत किंवा गुजरातीत द्या.

शिरस्तेदार_शहादा

एक भर, कारण कोणीतरी मानवाधिकार आयोगाचं विचारेलच. जरूर जा, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत (१९९३ च्या कायद्याचं कलम ३६), आणि राज्य व राष्ट्रीय दोन्ही आयोगांकडे एकदम नको. एकीकडे प्रलंबित असलं की दुसरीकडे घेत नाहीत. आयोगाची शिफारस असते, तिची अंमलबजावणी करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागू शकतं.

आणि न्यायालयाचा नकाशा लक्षात ठेवा. वनहक्काचं विभागीय अपील नाशिकला, पण नंदुरबार, धुळे, जळगावच्या रिट याचिका औरंगाबाद खंडपीठात जातात, मुंबईला नाही. नाशिकच्या आयुक्तांचा आदेश आव्हानित करतोय म्हणून मुंबईत दाखल करावं असं वाटतं, पण जमीन आणि दावेदार कुठले आहेत ते बघून तिथल्या वकिलाशी आधी बोला. खंडपीठात एखादी ओळख आत्तापासूनच करून ठेवा. पाड्यावरून कागद वर पाठवताना मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, साक्षांकित नक्कल पाठवा, आणि पावरी किंवा अहिराणीतल्या प्रत्येक जबाबाखाली तो कोणी वाचून दाखवला त्याचं नाव व सही घ्या.